घराचा खर्च, घरातला खर्च

नवी मुंबईतल्या रोडपालीत बऱ्याच इमारतींच्या पायाखाली एखाद्या कुटुंबाची वाटणी आहे. फ्लॅट बघायला येणाऱ्याला ती दिसत नाही. करारनाम्याची पहिली आठ-दहा पानं सावकाश वाचली की मात्र ती समोर येते. अमुक यांचे वारस, त्यांची पत्नी, दोन मुलगे, तीन विवाहित मुली, एका मयत मुलाची बायको. एवढ्या सगळ्यांच्या सह्या आणि अंगठे झाले, मग बिल्डर आला, मग आम्ही.

नवी मुंबई वसवणारी सिडको स्थापन झाली 17 मार्च 1970 ला. नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या 95 गावांची जमीन घ्यायचं ठरलं. मोबदला इतका तुटपुंजा होता की दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. 16 आणि 17 जानेवारी 1984 ला उरण तालुक्यात गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. त्या रक्तातून साडेबारा टक्क्यांची योजना आली. निर्णय 1990 चा, प्रत्यक्षात भूखंड मिळू लागले 1994 नंतर. जेवढी जमीन गेली तिच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत, पण त्यातूनही सार्वजनिक सोयींसाठी तीस टक्के कापून. म्हणजे ज्याची एक एकर गेली त्याच्या हाती साधारण साडेतीनशे चौरस मीटर आले. तोवर सातबाऱ्यावरचा आजोबा गेलेला होता आणि त्या साडेतीनशे मीटरवर सात-आठ वारसांची नावं चढली होती. कुणी किती वर्षं कसलं, म्हाताऱ्याला कुणी सांभाळलं, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. लिहिलेली होती ती फक्त नावं. वारसांचं एकमत होईना म्हणून वर्षानुवर्षं अडकून पडलेले भूखंड या भागातल्या प्रत्येक गावाने पाहिले आहेत.

हे एवढं सविस्तर सांगितलं, कारण त्याच जमिनीवर उभ्या राहिलेल्या फ्लॅटमध्ये आम्ही तेच करत होतो. नावं लिहीत होतो आणि बाकीचं गृहीत धरत होतो.

2019 साली मी आणि आई-बाबांनी मिळून इथे घर घेतलं. माझं लग्न तेव्हा व्हायचं होतं. बाबा तळोजा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले. डोंबिवलीची खोली विकून त्यांच्याकडे 18 लाख आले. आईने पाटल्या मोडल्या, त्यांचे 2 लाख. माझी बचत 4 लाख आणि कर्ज 24 लाख. एकूण 48. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात खिडकीपलीकडच्या मुलाने विचारलं, "नावं कोणकोणाची?" बाबा म्हणाले, "तिघांची टाका, घरातलीच आहेत." त्याने तीन नावं टाकली. फोटो झाले, अंगठे झाले. हिस्स्यांचा रकाना कुणी उघडलाच नाही.

आता कायदा काय म्हणतो ते बघा. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 45 नेमकं याच प्रसंगासाठी आहे. दोघा-तिघांनी आपापल्या पैशांतून मिळून मालमत्ता घेतली आणि हिस्से ठरवणारा करार नसेल, तर ज्याने जितकी रक्कम घातली त्या प्रमाणात त्याचा हिस्सा. आणि कुणी किती घातली याचा पुरावाच नसेल, तर सगळ्यांचे हिस्से समान धरायचे. म्हणजे आमचा करारनामा काही बोलत नव्हता, तरी बँकेची पासबुकं बोलत होती. त्यांच्या हिशेबाने बाबांचे साडेसदतीस टक्के, आईचे जेमतेम चार, उरलेले माझे. पासबुकं हरवली तर प्रत्येकी एक तृतीयांश. दोन्हींत केवढा फरक! आणि तो कुठल्या कपाटातली कुठली फाईल जपली गेली यावर अवलंबून.

यात आईच्या पाटल्या सगळ्यांत अवघड. डोंबिवलीच्या खोलीचे पैसे खात्यातून खात्यात आले, त्यांचा माग आहे. सोनं मोडलं की रोख हातात येते आणि ती घरातल्या पैशात मिसळून जाते. आपल्याकडे पहिल्या घरासाठी दागिने मोडणाऱ्या बायकांची संख्या मोजायला बसलं तर प्रत्येक इमारतीत निम्मी दारं सापडतील. त्यांच्या हिश्श्याचा कागद मात्र क्वचितच असतो.

हिस्से लिहायची सगळ्यांत सोपी वेळ म्हणजे करारनामा. त्यातच एक ओळ घालायची, खरेदीदारांचे हिस्से अमुक टक्के. त्याला वेगळं शुल्क नाही. ती वेळ गेली की पुढे हिस्सा खरोखर इकडचा तिकडे करायचा तर बक्षीसपत्र किंवा हक्कसोड पत्र आणि त्याची नोंदणी लागते. ज्याला ते नको त्याने निदान कुणी किती रक्कम कुठल्या खात्यातून दिली हे साध्या भाषेत लिहून सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात. अशा कागदाने मालकी बदलत नाही, पण कलम 45 ला लागतो तो पुरावा तयार होतो. आम्ही हेच केलं, पाच वर्षं उशिरा.

उलटी चूकही होते. मुलगा पूर्ण पैसे घालतो आणि आदराने घर एकट्या वडिलांच्या नावावर घेतो. भावना मोठी आहे, पण बेनामी व्यवहारांचा सुधारलेला कायदा 1 नोव्हेंबर 2016 पासून लागू झाला आणि त्यातल्या सवलतींची रचना ध्यानात घेण्यासारखी आहे. नवरा, बायको किंवा मुलं यांच्या एकट्याच्या नावावर आपल्या ज्ञात उत्पन्नातून घर घेता येतं. आई-वडील, भाऊ-बहीण यांच्या बाबतीत मात्र सवलत मिळते ती पैसे घालणाऱ्याचंही नाव मालकांत असेल तरच. म्हणून आई-बाबांसाठी घर घेताना आपलं नाव बरोबर लावणं हा लोभ समजू नये, ती खबरदारी आहे.

मुद्रांक शुल्कातही हाच कल दिसतो. महाराष्ट्रात राहतं घर मुलाला, मुलीला, नातवंडांना, पती-पत्नीला किंवा मयत मुलाच्या बायकोला बक्षीस द्यायचं तर 2015 पासून शुल्क आहे दोनशे रुपये, वर स्थानिक उपकर काय असेल तो. पण मुलीला आपला हिस्सा आईला द्यायचा असेल तर त्या दोनशेच्या यादीत आई नाही, वडीलही नाहीत. तिथे टक्केवारीने शुल्क भरावं लागतं. संपत्ती वरून खाली येते असं कायद्याने धरलेलं आहे. ज्या घरांत ती खालून वर जाते, आणि कर्ज काढून आई-बाबांना छप्पर देणारी मुलं रोडपाली, कामोठे, कळंबोलीत पावलोपावली भेटतील, त्यांनी म्हणून खरेदीच्या दिवशीच हिस्से नीट लावावेत. नंतरची दुरुस्ती महागात जाते. आणखी एक सवलत सांगून ठेवते. 1 एप्रिल 2021 पासून खरेदीदार फक्त स्त्रिया असतील तर राहत्या घराच्या मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे. आई आणि मुलगी, सासू आणि सून अशा जोडीला ती मिळते. त्यात एका पुरुषाचं नाव आलं की मिळत नाही.

कर्जाचं गणित मला समजायला सगळ्यांत जास्त वेळ लागला. 24 लाख, वीस वर्षं, साडेआठ टक्क्यांच्या आसपास व्याज. हप्ता 20,800 च्या घरात. वीस वर्षांत भरायचे जवळजवळ 50 लाख. दर महिन्याला खात्यातून हप्ता जायचा तेव्हा मनात यायचं, या घराचा भार मीच उचलते आहे. मग एका रात्री मी बाबांची बाजू मांडून बघितली. त्यांचे 18 लाख सात टक्क्यांच्या ठेवीत असते तर वर्षाला 1 लाख 26 हजार व्याज आलं असतं, महिन्याला साडेदहा हजार. ते त्यांनी सोडलं. माझा हप्ता दिसतो, एसएमएस येतो. बाबांचा साडेदहा हजारांचा हप्ता कुणाच्याच खात्यातून जात नाही, म्हणून तो कुणाला दिसत नाही. शिवाय माझ्या पन्नास लाखांतले सव्वीस हे व्याज आहे, म्हणजे मुदतीची किंमत. हिस्सा मोजताना ते धरायचं नाही, खरेदीच्या दिवशी कुणी किती रक्कम उभी केली तेवढंच धरायचं, असं माझं ठाम मत आहे. नाहीतर ज्याने कर्ज काढलं त्याचा हिस्सा दरवर्षी फुगत जातो आणि ज्याने आयुष्यभराची पुंजी एकदम दिली त्याचा आक्रसत जातो.

बँका बहुधा सगळ्या मालकांना सहकर्जदार करून घेतात. त्यामुळे एकसष्ट वर्षांच्या निवृत्त माणसानेही वीस वर्षांच्या कर्जावर सही केलेली असते. हप्ता थकला तर बँक तिघांपैकी कुणाकडेही मागू शकते. म्हणून हप्ता भरणाऱ्याच्या नावे निदान कर्जाएवढा मुदत विमा असावा. तो नसेल तर मुलीमागे आई-बाबांना उरतो तो हप्ता. प्राप्तिकरात कर्जाच्या व्याजाची वजावट प्रत्येक सहमालकाला, तो सहकर्जदार असेल आणि स्वतः व्याज भरत असेल तर, दोन लाखांपर्यंत वेगवेगळी मिळते. मात्र राहत्या घरासाठी ही सोय जुन्या करप्रणालीतच आहे. नवी प्रणाली निवडणाऱ्याने कराच्या आशेने नावं वाढवू नयेत.

एवढं झालं घराचं. आता घरातलं.

मराठीत हे दोन शब्दप्रयोग आपण रोज वापरतो, पण त्यांच्यातली रेष सहसा ओढत नाही. घराचा खर्च म्हणजे भिंतींचा: हप्ता, मालमत्ता कर, सोसायटीचा सिंकिंग फंड, गळती, लिफ्टची मोठी दुरुस्ती. तो मालकीच्या मागे जावा. घरातला खर्च म्हणजे माणसांचा: दूध, भाजी, गॅस, वीज, औषधं, येणारे-जाणारे. तो राहणाऱ्यांच्या मागे जावा आणि ज्याची जेवढी मिळकत त्या मानाने वाटला जावा. आमच्या घरातले बहुतेक तणाव हे दोन्ही एकाच थैलीत टाकल्यामुळे झाले. बाबा किराणा भरायचे आणि त्यांना वाटायचं हप्त्यातला वाटा दिला. मी हप्ता भरायचे आणि मला वाटायचं किराण्यातून सुटले. दोघांनाही आपण जास्त देतो असं वाटत होतं, आणि दोघंही प्रामाणिक होतो.

सोसायटीच्या एकाच बिलात दोन्ही खर्च एकत्र येतात. आदर्श उपविधींप्रमाणे सिंकिंग फंड बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का आणि दुरुस्ती निधी पाऊण टक्का. हे दोन भिंतींचे. पाणी, सफाई, राखणदार, जिन्यातले दिवे हे माणसांचे. बिल हातात घेऊन एकदा पेन्सिलने दोन गट केले की पुढे त्रास नाही. मालमत्ता कराचं इथे वेगळंच दुखणं आहे. पनवेल महानगरपालिका 1 ऑक्टोबर 2016 ला झाली आणि कर त्या दिवसापासूनचा लागला. पण कळंबोली, कामोठे, खारघरसारख्या वसाहती सिडकोला सेवाशुल्क भरतच होत्या. दुहेरी आकारणी म्हणून लोक भांडले, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, आणि घराघरांत थकबाकीचे आकडे वाढत राहिले. ज्या घरांत बिल वडिलांच्या नावे येतं आणि राहतात तीन पिढ्या, तिथे ही थकबाकी कुणी भरायची यावर उत्तर एकच, मालकीच्या हिश्श्याने. पेन्शनमधून एकट्याने भरून टाकणाऱ्या वडिलांना मुलांनी थांबवलं पाहिजे.

विजेचंही एक सांगते, कारण त्यावरून आमच्याकडे एक अख्खा उन्हाळा रुसव्यात गेला. महावितरणचा घरगुती दर टप्प्यांनी चढतो: शंभर युनिटपर्यंत एक, मग तीनशेपर्यंत दुसरा, पुढे पाचशेपर्यंत तिसरा. एका मीटरवर चार मोठी माणसं आणि एक मूल असलं की घर सहज वरच्या टप्प्यात जातं. लग्नानंतर माझ्या आणि नवऱ्याच्या खोलीत एसी लागला आणि बिल दीडपट झालं. बाबांनी निम्मं भरलं, काही बोलले नाहीत, पण रात्री त्यांच्या खोलीतला पंखा एकवर असायचा. आईनेच लक्षात आणून दिलं. तेव्हापासून एसीविना असलेल्या महिन्याचं बिल समाईक आणि त्यावरचं आम्हा दोघांचं.

ज्यांना जमेल त्यांनी शेजारशेजारचे दोन छोटे फ्लॅट घ्यावेत, हे मी आता मैत्रिणींना सांगते. दोन मीटर, दोन बिलं, दोन मालक आणि मध्ये एक दार. जपानमध्ये असाही कासेई या कंपनीने 1975 मध्ये एका छपराखाली दोन पिढ्यांची दोन स्वतंत्र बिऱ्हाडं असलेलं घर याच विचाराने बाजारात आणलं. सिंगापूरचं सरकार तर त्यासाठी पैसे देतं. 2018 पासून आई-वडिलांबरोबर राहायला जुना सरकारी फ्लॅट घेणाऱ्या कुटुंबाला तीस हजार सिंगापूर डॉलर आणि चार किलोमीटरच्या आत घेणाऱ्याला वीस हजार. आपल्या गावठाणांत हे शहाणपण आधीपासून होतं. मुलाचं लग्न ठरलं की घरावर मजला चढतो, चूल वेगळी होते, ओटा एकच राहतो. रोडपाली गावात आणि आजूबाजूच्या गावांत गरजेपोटी बांधलेली घरं अशीच उंच झाली. अडचण एवढीच की खालचा मजला थोरल्याचा आणि वरचा धाकट्याचा हे सगळ्या गावाला माहीत असतं, कागदाला नसतं.

घरातल्या खर्चाच्या वहीत एक रकाना कायम कोरा राहतो. आमची मुलगी सकाळी साडेआठ ते संध्याकाळी सात आई-बाबांकडे असते. पाळणाघराला जे पैसे मोजावे लागले असते ते आम्ही मोजत नाही. आईला मी एकदा म्हटलं, तुझ्या नावावर महिन्याला काही टाकते. ती दुखावली. म्हणाली, "नातीला सांभाळायचे पैसे घेऊ?" मी तो विषय सोडला, पण हिशेब सोडला नाही. घरातल्या खर्चात त्यांचा वाटा त्यानुसार कमी केला, आणि त्यांची औषधं, दवाखाना माझ्याकडे घेतला. पैसे दिले असं झालं नाही, पण तिचं काम शून्य धरलं असंही झालं नाही. आजी-आजोबांचे कष्ट प्रेमातून येतात हे खरं. म्हणून ते फुकट धरावेत हे मला पटत नाही.

घर पूर्ण आई-वडिलांच्या नावावर असेल आणि मुलगा नोकरी करणारा असेल, तर त्याने रीतसर भाडं द्यावं. करार करून, बँकेतून. जुन्या करप्रणालीत त्याला घरभाडे भत्त्याची वजावट मिळू शकते. आई-वडिलांना ते उत्पन्न दाखवावं लागतं, पण त्यातून तीस टक्के सरसकट वजा होतात. आईच्या खात्यात दर महिन्याला तिच्या हक्काची रक्कम पडते, हा मला त्यातला सर्वांत मोठा लाभ वाटतो.

आता ज्या गोष्टीने माझी झोप उडवली तिच्याकडे येते.

माझी ठाम समजूत होती की मला काही झालं तर माझा हिस्सा आई-बाबांना जाईल. करारनाम्यात त्यांची नावं आहेतच की. पण आपल्याकडे एक सहमालक गेला म्हणून त्याचा हिस्सा आपोआप उरलेल्यांना जात नाही, तो त्याच्या वारसांना जातो. आणि 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात, जो बौद्ध, जैन आणि शिखांनाही लागू आहे, पुरुषाचे वारस एका यादीने ठरतात आणि स्त्रीचे दुसऱ्या. अविवाहित मुलगी मृत्युपत्र न करता गेली तर तिचा हिस्सा आई-वडिलांना. लग्न झालं की पहिला हक्क नवऱ्याचा आणि मुलांचा. ते दोन्ही नसतील तर नवऱ्याच्या वारसांचा, आणि त्यानंतर तिच्या आई-वडिलांचा. आई-वडिलांकडून वारशाने आलेली मालमत्ता तेवढी वेगळी, तीही मूलबाळ नसेल तर वडिलांच्या वारसांकडे परतते. स्वकमाईची नाही. माझ्या अंगावर अक्षता पडल्या त्या दिवशी आमच्या घराच्या कागदावरचं एक अक्षरही बदललं नाही, आणि माझ्या हिश्श्याचे वारस मात्र बदलले. ज्या माणसांनी खोली विकून, पाटल्या मोडून हे घर उभं केलं ती माझ्या यादीतून बाहेर गेली होती.

मुलग्यांच्या बाबतीतही एक विचित्र भेद आहे. विवाहित मुलगा मृत्युपत्राविना गेला तर बायको आणि मुलांबरोबर आई पहिल्या वर्गाची वारस असते. वडील नसतात. ते दुसऱ्या वर्गात येतात, म्हणजे पहिल्या वर्गातलं कुणी हयात असेपर्यंत त्यांना काही नाही.

यावर उपाय मृत्युपत्र. साध्या कागदावर चालतं, मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. दोन साक्षीदार हवेत, आणि ज्यांना त्यातून काही मिळणार नाही असे असावेत. सोसायटीतलं नामनिर्देशन म्हणजे मृत्युपत्र नव्हे, हा गैरसमज फार पसरलेला आहे. नॉमिनी वारस होत नाही. महाराष्ट्राच्या सहकारी संस्था कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर सोसायटी नॉमिनीला तात्पुरता सभासद करते, तोही वारसांचा हक्क ठरेपर्यंत. भागपत्रावर पहिलं नाव कुणाचं यालाही मतदानापुरता अर्थ आहे, पहिलं नाव म्हणजे मोठा हिस्सा नव्हे.

उलट दिशेची काळजी आई-वडिलांनी घ्यायची आहे. दोनशे रुपयांत बक्षीसपत्र होतं म्हणून हयातीतच सगळं लिहून देण्याची घाई मी इतक्या घरांत पाहिली आहे की कळकळीने सांगावंसं वाटतं, थांबा. द्यायचंच असेल तर त्या कागदात अट लिहा, की घेणारा आमचा सांभाळ करील. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम 23 अशा अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ झाला नाही तर, परत मिळवून देतं. अर्ज प्रांत कार्यालयातल्या न्यायाधिकरणाकडे करायचा, दिवाणी दाव्यासारखी वर्षं घालवावी लागू नयेत हाच त्यामागचा हेतू. पण अटच दाखवता आली नाही तर हे कलम लागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये सुदेश छिकारा खटल्यात सांगितलं. 2 जानेवारी 2025 ला ऊर्मिला दीक्षित यांच्या खटल्यात त्याच न्यायालयाने मध्य प्रदेशातल्या एका आईला घर परत मिळवून दिलं. तिथे बक्षीसपत्रात सांभाळाचा उल्लेख होता आणि मुलाने लिहून दिलेलं वचनपत्रही. एका ओळीने आईचं घर वाचलं.

राहिला माझा भाऊ. तो पुण्यात असतो, या घरात त्याचा पैसा नाही, नावही नाही. पण बाबांचे 18 लाख या भिंतींत आहेत, बाबांच्या मागे त्यांच्यात त्याचाही वाटा येतो, आणि तो इथे राहत नाही म्हणून कुणाच्या बोलण्यात येत नव्हता. आपल्याकडे असं मौन बहुतेक बहिणींच्या वाट्याला येतं, राखीपौर्णिमेला हक्कसोडीच्या कागदावर सही होते आणि त्याला माहेर राखणं म्हणतात. आमच्याकडे तो भाऊ आहे एवढाच फरक. बाबांना विचारलं तेव्हा कळलं, त्यांना हे बोलायचं होतं, पण मी हप्ता भरते म्हणून त्यांना संकोच वाटत होता. ते म्हणाले, "तुझ्या घरात बसून त्याचा वाटा कसा काढू?" तुझ्या घरात. साडेसदतीस टक्क्यांचा मालक असं म्हणत होता.

या बोलण्यानंतरच्या दिवाळीत भाऊ आला, माझा नवरा बसला, सगळे बसलो. बाबांनी त्यांचा हिस्सा आईच्या हयातीपर्यंत आईला आणि तिच्यानंतर आम्हा दोघांना निम्मा-निम्मा असं मृत्युपत्र केलं. मी माझ्या मृत्युपत्रात आई-बाबांना तहहयात इथे राहण्याचा हक्क लिहिला आणि हिस्सा मुलीला. माझ्या नवऱ्याने ते वाचून एकच दुरुस्ती सुचवली, की राहण्याच्या हक्काबरोबर सोसायटीचं बिल त्यांनी भरायचं नाही हेही लिही. साक्षीला वरच्या मजल्यावरचे दोघे आले, चहा घेऊन गेले.

तो कुणी किती घातलं याचा कागद आईने शेवटी वाचला. त्यात तिच्या नावापुढे दोन लाख होते. ती आत गेली आणि जुन्या साड्यांच्या घडीतून पनवेलच्या सराफाची पावती घेऊन आली. तारीख, दर, वजन सगळं होतं. शाई फिकी झाली होती म्हणून तिने ती झेरॉक्स करून ठेवली होती, दोन प्रती. मला म्हणाली, "रकमेपुढे ग्रॅमही लिही." मी लिहिले आणि पावती कागदाला टाचली.